मदत हवी आहे: पायपिंग स्ट्रेसमधून रोलर कोस्टर डिझाइनकडे वळायचंय

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकल इंजिनियर, राहते ठाण्यात, नोकरी ऐरोलीत. रिफायनरीच्या पायपिंगचं स्ट्रेस ॲनालिसिस, म्हणजे पाइपवर येणारे ताण तपासणं, हे रोजचं काम. मला रोलर कोस्टर डिझाइनमध्ये जायचंय. या किंवा जवळपासच्या क्षेत्रात कुणी असेल तर सल्ला हवा आहे.

घरी सगळ्यांना हे खूळ वाटतं. आई म्हणते, "चांगली नोकरी सोडून पाळणे बनवणार का?" तिची काळजी समजते, पण ओढ खरी आहे. खोपोलीच्या इमॅजिकात नायट्रो नावाची रोलर कोस्टर आहे, बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीची. तिथे मी खांब आणि रूळच बघत बसते. रुळाचा कणा चौकोनी पेटीसारखा, त्याचे तुकडे बोल्टने जोडलेले. डब्याला चाकं तीन प्रकारची: वजन पेलणारी, बाजूने धरणारी आणि रुळाला खालून पकडणारी. ही खालची आहेत म्हणून माणूस सीटवरून उचलला गेला तरी डबा रूळ सोडत नाही.

लूपचं गणित तर मला फारच आवडतं. लूप पूर्ण गोल ठेवला, तर घर्षण सोडून तळाशी अंगावर येणारा भार माथ्यापेक्षा ६ जीने (१ जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन) जास्त निघतो, मग वर्तुळ लहान असो की मोठं. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला असा गोल लूप होता, त्यात लोकांच्या मानांचे हाल व्हायचे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेव्होल्यूशन या कोस्टरसाठी वेर्नर श्टेंगेल आणि अँटोन श्वार्झकोफ या जर्मन इंजिनियरांनी लूपला थेंबाचा आकार दिला: खाली वेग जास्त तिथे त्रिज्या मोठी, वर वेग कमी तिथे लहान. कागदावर स्वतः सोडवून बघा, मजा येते.

आता मुद्द्याचं. माझ्या हाताशी सपोर्ट डिझाइन आहे, लोड केसेस (कोणते भार एकत्र येऊ शकतात ते) आहेत, डिझाइनचे कोड, म्हणजे नियमावल्या, वाचायची सवय आहे. फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन धातूला तडे जाणं, ते मात्र कच्चं आहे. आमच्याकडे पाइप तापतो, ताणला जातो, आणि प्लँट बंद होईपर्यंत बहुतेक तसाच राहतो. कोस्टरमध्ये गाडी दर फेरीला त्याच वेल्डवरून जाते, दिवसभर, वर्षानुवर्षं. त्यामुळे सध्या संध्याकाळी ईएन १३८१४ आणि एएसटीएम एफ२२९१ ही अशा राइड्सच्या डिझाइनची युरोपीय आणि अमेरिकन मानकं समजून घेतेय.

कंपन्या मोजक्याच: जर्मनीत माक राइड्स, नेदरलँड्समध्ये वेकोमा, अशा. शिवाय गणिताचं बरंच काम स्वतंत्र इंजिनियरिंग ऑफिसं करतात, म्युनिकचं श्टेंगेल यांचं ऑफिस त्यातलंच. मला वाटतं, माझ्यासारखीला दार उघडलं तर अशाच ऑफिसात उघडेल.

अडलंय ते इथे. जर्मनीत एमएस करायचं, तर स्ट्रक्चरल डायनॅमिक्स घ्यावं की मशीन डिझाइन? की आधी एखाद्या पार्कच्या मेंटेनन्समध्ये जावं, म्हणजे वेल्ड तपासणी, चाकांची झीज, ब्रेक, एका ब्लॉकमध्ये (रुळाच्या एका टप्प्यात) दोन गाड्या येऊ न देणारी कंट्रोल सिस्टीम, हे सगळं हाताखालून जाईल? मला मनातून दुसरा रस्ता पटतो, पण पगार बराच खाली येईल आणि घरचा हप्ता चालू आहे. डिझाइन ऑफिसं अशा अनुभवाला खरंच किंमत देतात का?

जर्मन भाषेची ए२ पातळी झालीय. तिथल्या ऑफिसात रोजच्या कामाला किती जर्मन लागतं, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल. एमएसचे अर्ज लवकरच भरायचे आहेत, त्यामुळे जमेल तेवढं लवकर लिहा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.