मदत हवी आहे: बाळंतपणाची ती रात्र अर्धी आठवत नाही, अर्धी विसरता येत नाही

नमस्कार. लेक अकरा महिन्यांची झाली, धरून धरून उभी राहते. तिचं सगळं छान चाललंय. प्रश्न माझा आहे.

गेल्या मे महिन्यात, बत्तिसाव्या आठवड्यात बीपी १७०/११० झालं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं आणि सगळ्या अंगात आग उतरली. कोणीतरी म्हणालं, "खाली येत नाहीये." त्यानंतर थेट पहाट आठवते, पोटावर टाके आणि शेजारी बाळ नाही. ते १ किलो ४०० ग्रॅमचं, तेवीस दिवस काचेच्या पेटीत होतं.

परवा ह्यांनी कूलर काढून नवा वाळा लावला. त्या वॉर्डातही कूलरच होता. ओल्या वाळ्याचा वास आला आणि माझे हातपाय गार पडले, श्वास लागेना. बर्डीवर जायचं असलं तरी मी त्या हॉस्पिटलचा, धंतोलीचा रस्ता टाळते. झोपेत तेच "खाली येत नाहीये" ऐकू येतं.

बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासायच्या एडिनबरा चाचणीचे दहा प्रश्न भरले. ते मागच्या सात दिवसांबद्दल विचारतात, आणि माझं दुखणं त्या एका रात्रीचं आहे. जीव नकोसा वगैरे झालेला नाही, तेवढी काळजी करू नका. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या ताईंनी मराठीत शांतपणे ऐकून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा म्हणाल्या. भेटणार आहे. अजून अंगावर पाजते, त्यामुळे गोळ्यांची धास्ती वाटते. पाजताना कोणी उपचार घेतलेत का? नागपुरात बाळंतपणाच्या धक्क्यावर बोलून उपचार करणारं कोणी माहीत आहे का?

पण खरं विचारायचंय ते वेगळंच. डिस्चार्ज कार्डावर चारच ओळी आहेत. मागितले तर पूर्ण केसपेपर ७२ तासांत द्यावे लागतात, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. ते वाचावेत का? मधल्या तासांत माझ्या शरीराचं काय केलं, मी काही बोलले का, बाळ रडलं का, हे मला कळायला हवंय. हे म्हणतात, "दोघी वाचल्या, आता कशाला उकरतेस?" आई रात्रभर बाहेर बाकावर बसून होती, पण तिला विचारलं की ती उठून स्वयंपाकघरात जाते. तिलाही सोसत नसावं, म्हणून मी जोर करत नाही.

कोणी आपली फाईल वाचली आहे का? वाचून बरं वाटलं की जास्त त्रास झाला? एकटीनं वाचली की डॉक्टरांसमोर बसून?