अनुभव धागा: मुलांच्या हाती आकार देताना

तक्त्यावर बोट ठेवून ‘हा त्रिकोण, हा चौरस’ असं मुलं पटकन म्हणतात. पण तक्त्यातला त्रिकोण बहुधा टोक वर, बूड खाली असाच असतो. वस्तू हातात दिल्यावर काय बदललं, ते इथे लिहा. साहित्य कोणतं होतं आणि मूल काय म्हणालं, दोन्ही हवं.

बालवर्गाची शिक्षिका
पुठ्ठ्याचा चौरस कोपऱ्यावर उभा धरला की बरीच मुलं म्हणतात, “हा पतंग!” पिएर आणि डिना व्हान हील या डच दांपत्याने १९५७ साली हेच मांडलं होतं: सुरुवातीला मूल एकूण रूपावरून आकार ओळखतं, बाजू आणि कोन नंतर येतात. म्हणून मी नाव दुरुस्त करत नाही. तुकडा मुलाच्याच हातात देते, सावकाश फिरवायला सांगते. एक मुलगी फिरवता फिरवता म्हणाली, “तोच आहे, एका पायावर उभा राहिलाय.” त्रिकोणही मी निमुळते, बुटके, उलटे असे सगळे ठेवते. नुसते समभुज ठेवले तर बाकीचे मुलांना त्रिकोण वाटतच नाहीत.

एक आई
गूल खरवडलेल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी ढिम्म. चार काड्यांचा चौरस लगेच कलंडतो. मुलाने मधे तिरपी काडी बसवायचं ठरवलं. त्याच मापाची घातली तर चौरस झुकून समभुज चौकोनच होतो! जरा लांब काडी हवी, हे त्याचं त्यानेच शोधलं.

दृष्टिहीन मुलांसोबत काम करणारी
बालवाडीची कल्पना मांडणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या लाकडी साहित्यात गोल (चेंडूसारखा), वृत्तचिती (नळकांड्यासारखी) आणि घन एकत्र येतात. का, ते बोटांना समजतं. वृत्तचिती गोलासारखी घरंगळते आणि घनासारखी उभीही राहते. नावं मी त्यानंतरच सांगते.

एक बाबा
रिकाम्या डब्याला रंग लावून ठसे काढले. तळाचा ठसा वर्तुळ. आडवा लोळवला तर लांब पट्टा. “गोल डब्यातून सरळ पट्टा कसा आला?” लेकीने विचारलं. मी डब्याभोवती कागद गुंडाळून दिला, बाकी काही बोललो नाही. तिने तो कितीदा तरी उलगडला, परत गुंडाळला. शंकू लोळवला की पट्टा सरळ न जाता टोकाभोवती वळतो. हे कुणी मुलांसोबत केलं असेल तर मुलं काय म्हणाली, नक्की लिहा.