ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी राइट होत नाही: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी (बी-२०४), सकाळी १०:०५
नमस्कार. पार्किंगमधून चोरीला गेलेल्या दुचाकीचं सीसीटीव्ही फुटेज पोलीस ठाण्यात डीव्हीडीवर द्यायचं आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी राइटच होत नाही. दोन डिस्क वाया गेल्या. ड्राइव्ह नवीन घ्यावा लागेल का? विंडोज १० आहे.

ए-५०१, १०:०९
सेक्रेटरी साहेब, ड्राइव्हचं नंतर बघू. फुटेज डीव्हीआरमधून (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रातून) बाहेर काढलंय ना?

सेक्रेटरी (बी-२०४), १०:१०
हो काका, पेनड्राइव्हवर आहे.

सी-१०२, १०:१४
साहेब, मग सगळ्यात आधी पेनड्राइव्हवरच्या फाइली कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर कॉपी करा आणि पेनड्राइव्ह न पुसता कपाटात ठेवा. डीव्हीआरची हार्डडिस्क भरली की तो सर्वांत जुनं रेकॉर्डिंग पुसून त्याच जागी नवं लिहितो. कॅमेरे जास्त किंवा रिझोल्यूशन जास्त असेल तर ही पाळी लवकर येते. एक्सपोर्ट करताना एखादा कॅमेरा राहून गेला असेल तर तोही आजच काढा. डीव्हीडी उद्या झाली तरी चालेल, पुसलेलं फुटेज परत मिळणार नाही.
आणि पेनड्राइव्हवरून थेट डीव्हीडी राइट करू नका. हार्डडिस्कवरून करा.

ए-५०१, १०:२२
सी-१०२ ताईंनी सांगितलेलं आधी करा. ते झालं की मला एवढं सांगा:
ट्रेच्या पुढच्या पट्टीवर काय छापलंय?
डिस्कवर 'डीव्हीडी-आर' आहे की 'डीव्हीडी+आर', आणि लिहिण्याचा वेग किती एक्स?
सगळ्या फाइली एकदम सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये किती जीबी दिसतात?
नेमकं कुठे अडतं आणि काय मेसेज येतो?
सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे?
नुसतं 'राइट होत नाही' यावरून काही ठरवता येत नाही. यामागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

सेक्रेटरी (बी-२०४), १०:४८
कॉपी झाली. पट्टीवर 'डीव्हीडी मल्टी रेकॉर्डर' आहे. डिस्क डीव्हीडी-आर, १६ एक्स, ४.७ जीबी. पाच फाइली मिळून ४.५२ जीबी. पहिल्या डिस्कला 'जागा पुरत नाही' असं आलं. मग एक फाइल काढून ३.६ जीबी केलं, तर दुसरी डिस्क १ टक्क्यावरच एरर देऊन बाहेर आली. सी ड्राइव्हवर ६ जीबी मोकळे आहेत.

ए-५०१, १०:५९
म्हणजे या दोन वेगळ्या अडचणी आहेत.

पहिली डिस्क बहुधा खराब झालेलीच नाही. ४.७ जीबी म्हणजे कंपनीच्या हिशेबाने ४७० कोटी बाइट. विंडोज एक जीबी धरतं सुमारे १०७.४ कोटी बाइटचा. भागाकार केला की येतात ४.३८. म्हणून विंडोजमध्ये ४.३८ च्या वर दिसणारा मजकूर या डिस्कवर बसतच नाही, तुमचे ४.५२ आहेत. लिहायला सुरुवात होण्याआधीच त्याने नकार दिला असेल तर डिस्क अजून कोरी आहे. उजेडात तिरकी धरून खालची बाजू बघा. लिहिलेला भाग मधल्या भोकाकडून सुरू होतो आणि त्याच्या रंगाची छटा वेगळी दिसते. तसं कडं नसेल तर ती वापरता येईल.

दुसरी मात्र गेली. डीव्हीडी-आर एकदाच लिहिली जाते, १ टक्क्यावर बंद पडली तरी तिच्या सुरुवातीचा भाग जळालेला असतो.

ए-३०४, ११:०३
काका, विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीमध्ये अप्पर फिल्टर्स आणि लोअर फिल्टर्स डिलीट केलं की डीव्हीडी ड्राइव्ह चालू होतो. सगळीकडे हेच सांगतात.

ए-५०१, ११:०८
अरे, तो इलाज खरा आहे, पण वेगळ्या दुखण्याचा. 'धिस पीसी'मधून ड्राइव्हच गायब झाला असेल, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यावर पिवळं चिन्ह आणि कोड १९ किंवा ३९ असेल, तर तो करायचा. जुनं बर्निंग सॉफ्टवेअर काढल्यावर त्याचे फिल्टर मागे राहतात आणि ड्राइव्ह सुरू होत नाही. इथे ड्राइव्ह दिसतोय, डिस्क ओळखतोय, लिहायला सुरुवातही करतोय. रजिस्ट्रीला अजिबात हात लावायचा नाही.

डी-४०२, ११:१५
ट्रेवर काय छापलंय हे कशासाठी विचारलंत काका?

ए-५०१, ११:२०
वहिनी, नुसतं 'डीव्हीडी-रॉम' असेल तर तो ड्राइव्ह फक्त वाचतो. त्याच्यासोबत सीडी रायटर असेल तर तो कॉम्बो, सीडी राइट करतो पण डीव्हीडी नाही. जुन्या असेंबल्ड कॉम्प्युटरमध्ये कॉम्बो बरेच असायचे. आपला मल्टी रेकॉर्डर आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

साहेब, आता १ टक्क्याच्या एररकडे येऊ. विंडोजच्या मेसेजमधून काही कळत नाही. सी-१०२ ताई, तुम्ही आज ऑफिसमध्ये जाऊ शकाल का? इमेजबर्न हे डिस्क राइट करायचं सॉफ्टवेअर टाकून बघू.

सी-१०२, ११:२४
दुपारी जाते. साहेब, तोवर एक करून ठेवा. 'धिस पीसी'मध्ये डीव्हीडी ड्राइव्ह उघडा. तिथे फिकट रंगात जुन्या फाइली 'राइट व्हायच्या बाकी' म्हणून पडलेल्या दिसतील. 'डिलीट टेम्पररी फाइल्स' करा. विंडोज राइट करण्याआधी सगळ्याची एक प्रत सी ड्राइव्हवर बनवतं. आधीच्या फाइली तिथेच राहिल्या की नव्यांना जागा उरत नाही आणि चार महिन्यांपूर्वीचं काहीतरी डिस्कवर जायची भीती असते.
शिवाय विंडोज सुरुवातीला दोन पर्याय विचारतं, तुम्ही कोणता निवडला होता?

सेक्रेटरी (बी-२०४), ११:३१
दुसऱ्या डिस्कला 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह'. यादीत पहिला पर्याय तोच होता.

सी-१०२, ११:३७
तो पर्याय घेऊ नका. त्यात डिस्क पेनड्राइव्हसारखी तुकड्या-तुकड्याने लिहिली जाते, नंतर भर घालता येते, फाइल पुसल्यासारखीही दाखवता येते. पुराव्यासाठी हे बरोबर नाही. शिवाय नीट बंद न करता डिस्क बाहेर काढली तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडेलच असं नाही. दुसरा पर्याय घ्यायचा, 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेयर'. त्यात सगळं एकाच दमात लिहिलं जातं.

बी-६०३, ११:५०
साहेब, मी कायद्याच्या बाजूने सांगते. डिस्कसोबत प्रमाणपत्र लागेल. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली द्यायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. आता त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे: भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्या पक्षाने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते.
हे नुसतं कागद रंगवणं नाही. जालन्याच्या निवडणूक वादातल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात प्रश्न अशाच व्हिडिओ सीड्यांचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच.

सेक्रेटरी (बी-२०४), ११:५६
ताई, हॅश म्हणजे नेमकं काय लिहायचं?

सी-१०२, १२:०१
फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून निघणारा ठसा. एसएचए-२५६ घेतलं तर ६४ अक्षरं-अंकांची ओळ येते. फाइलमध्ये एक बाइट जरी बदलला तरी पूर्ण ओळ बदलते. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून सीआरसी-एसएचए मधून निघते. ती ओळ हाताने उतरवून काढू नका, कॉपी-पेस्ट करून प्रिंट घ्या. डी ड्राइव्हवरच्या फाइलची आणि डिस्कवर गेलेल्या फाइलची हॅश एकच यायला हवी.
म्हणूनच फाइल एमपी४ मध्ये बदलू नका. डीव्हीआरने जशी दिली तशीच द्या आणि ती चालवणारा प्लेयर डिस्कवर सोबत ठेवा. नाहीतर ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर ती उघडणार नाही.

सी-१०२, दुपारी ३:४०
ऑफिसमध्ये आहे. इमेजबर्न इन्स्टॉल करताना सोबतचं जादा सॉफ्टवेअर नाकारलं. पहिली डिस्क खरंच कोरी निघाली. ३.६ जीबी टाकून राइट केलं. एरर: 'पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर'. काका?

ए-५०१, ३:४६
हे हवं होतं. आता सगळ्यांसाठी सविस्तर लिहितो.

लिहायला सुरुवात करण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या अगदी आतल्या, मधल्या भोकाजवळच्या राखीव पट्ट्यात लेसर कमी-जास्त करून चाचणी घेतो. या डिस्कच्या रंगद्रव्याला किती शक्ती पुरते हे तो तिथे ठरवतो. कुठल्याच शक्तीला नीट खूण उमटली नाही तर तो थांबतो आणि ही एरर देतो. तीन कारणं असतात: लेसर म्हातारा झालाय, लेन्सवर धूळ किंवा बुरशीचा थर आहे, किंवा डिस्कचं रंगद्रव्य खराब झालंय.

'पण सिनेमाची डीव्हीडी छान चालते' हा पुरावा इथे उपयोगाचा नाही. वाचायला लागणाऱ्या शक्तीच्या कितीतरी पट शक्ती लिहायला लागते. सीडी राइट होते म्हणजे डीव्हीडीही होईल, असंही नाही. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेसर असतो, डीव्हीडीसाठी ६५० चा. एक थकला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो.

ताई, इमेजबर्नच्या उजव्या चौकटीत डिस्क आयडी आणि सपोर्टेड राइट स्पीड्स बघा. आणि ही स्पिंडल, म्हणजे कोऱ्या डिस्कची चळत, कधीची आहे?

सी-१०२, ३:५५
स्पीड ४, ८, १२, १६ एक्स दाखवतंय. स्पिंडल मोझर बेअरची, निम्मी रिकामी. ऑफिसच्या लोखंडी कपाटात, खिडकीशेजारी, झाकण न लावता ठेवलेली आहे. दोन डिस्कच्या कडेला पांढुरके डाग दिसतात.

ए-५०१, ४:०४
ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, म्हणजे हा साठा तरी किती जुना ते बघा. कोरी डिस्कसुद्धा म्हातारी होते. रंगद्रव्य उजेडाने, उकाड्याने आणि दमटपणाने उतरतं, कडेने ओलावा शिरला की थर सुटतो. खिडकीशेजारचं कपाट आणि इतके पावसाळे म्हटल्यावर माझा पहिला संशय डिस्कवर आहे, ड्राइव्हवर नाही.

आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालं, तर कशामुळे झालं ते कधीच कळत नाही.
आधी तोच ड्राइव्ह, तीच केबल, नवीन डिस्क. चांगल्या कंपनीची, सीलबंद, शक्यतो डीव्हीडी+आर. काही ड्राइव्हना वजापेक्षा अधिक चिन्हाची डिस्क जास्त मानवते. स्पीड ८ एक्स. १६ ला नको, कारण डिस्कच्या कडेला वेग वाढतो आणि चुका तिथेच होतात. १६ एक्सच्या डिस्कला उगाच सगळ्यात खालचा वेगही नको, ती त्या वेगासाठी बनवलेली नसते.
त्यानेही तीच एरर आली तर लेन्स. साधा रबरी ब्लोअर किंवा लेन्स क्लीनिंग डिस्क. लेन्स बारीक तारांवर तरंगत असते, तिला कापसाने रगडायचं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचंच असेल तर इअरबड जेमतेम ओला आणि स्पर्श पिसासारखा.
तरीही नाही झालं तर बाहेरचा यूएसबी रायटर.

बी-१०५, ४:१०
यूएसबी रायटर माझ्याकडे आहे, केव्हाही घेऊन जा.

ए-५०१, ४:१४
छान. लागला तर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, पुढच्या पोर्टला किंवा हबला नको. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३ चं ९००. मोटर फिरवून लेसर पूर्ण पेटवताना स्लिम ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकतात. वाचताना व्यवस्थित आणि लिहिताना मध्येच गायब होणारा ड्राइव्ह बहुतेक वेळा उपाशी असतो. दोन टोकांची केबल मिळाली असेल तर दोन्ही टोकं लावा.

सी-१०२, सायंकाळी ६:३२
नवीन डीव्हीडी+आर आणली. इमेजबर्नमध्ये डावीकडच्या चौकटीत तीन फाइली, प्लेयर आणि हॅशची यादी टाकली. फाइल सिस्टिम आयएसओ ९६६० + यूडीएफ. ८ एक्स, व्हेरिफाय टिक केलेलं. कॅलिब्रेशन पार पडलं. काही मिनिटांत राइट, त्यानंतर व्हेरिफाय, एकही एरर नाही. उरलेल्या दोन फाइली दुसऱ्या डिस्कवर, त्याही व्यवस्थित. दोन्ही डिस्क माझ्या लॅपटॉपला बी-१०५ चा रायटर लावून उघडून बघितल्या, पाचही हॅश जुळल्या.

ए-५०१, ६:३८
उत्तम. व्हेरिफाय कधी वगळू नका. 'राइट कम्प्लिटेड' म्हणजे लेसरने काम केलं एवढंच. डिस्कवर उमटलेलं परत वाचता येतं का, हे व्हेरिफायच सांगतं. आणि दुसऱ्या ड्राइव्हवर उघडून बघितलंत हे फार बरं केलं.

सेक्रेटरी (बी-२०४), ६:४५
दोघांचेही मनापासून आभार. नाव लिहायला स्टिकर लावू का?

सी-१०२, ६:४९
नको. स्टिकरमुळे डिस्क असमतोल फिरते आणि उष्णतेने कडा सुटून ड्राइव्हमध्ये अडकते. सीडी मार्करने वरच्या बाजूला लिहा, बॉलपेनने नाही: कॅमेरा क्रमांक, तारीख, वेळ कधीपासून कधीपर्यंत, डिस्क २ पैकी १, २ पैकी २ असं. डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे ते आजच बघून पत्रात लिहा. डीव्हीआरची वेळ आता दुरुस्त करू नका, फरक नुसता नोंदवा.

बी-६०३, ६:५७
दोन संच करा, एक ठाण्यात आणि एक सोसायटीच्या फाइलला. डिस्क दिल्याची पोच पत्राच्या प्रतीवर शिक्क्यासह घ्या. डीव्हीआर किंवा त्याची हार्डडिस्क मागितली तर पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय हातात देऊ नका.

सेक्रेटरी (बी-२०४), ७:०२
ठीक. जुन्या स्पिंडलचं काय करू?

ए-५०१, ७:०६
डाग असलेल्या डिस्क ई-कचऱ्यात. बाकीच्यांवरही पुरावा, हिशेब, सभेचं रेकॉर्डिंग असं काही राइट करू नका. नवीन दहाच डिस्क आणा, झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या खणात उभ्या ठेवा. ड्राइव्ह बदलायची गरज नाही, फक्त लेन्सला एकदा ब्लोअर मारून घेऊ. मी रविवारी सकाळी ऑफिसमध्ये येतो.