आईच्या दुसऱ्यांदाच्या केमोबद्दल

कॅन्सर उलटलाय, तोंड आल्याने आई जेवत नाही आणि आता केमोच नको म्हणतेय, हे तुम्ही लिहिलेलं वाचून पोटात तुटलं. तोंडासाठी मऊ ब्रश, मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या; अल्कोहोलवाला माउथवॉश नको. ताप मात्र अंगावर काढू देऊ नका. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा 38 अंश सेल्सिअस ताप आला तर मध्यरात्रीसुद्धा रुग्णालयाला कळवा, पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करण्याचे उपचार करणाऱ्या, डॉक्टरांनाही आत्ताच भेटा. ते फक्त शेवटी बोलवायचे नसतात, वेदना-मळमळ उपचार चालू असतानाही बघतात. आणि आईला एकटीला, नातेवाइकांच्या घोळक्याबाहेर विचारा, नेमकं काय सोसवत नाही. त्यावरून डोस कमी करता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारता येईल.