खिंडसीच्या काठावर माळकरी आणि मासोळीवाले एकत्र जेवतील अशी जागा?

तुमसरकडून पुढच्या रविवारी आम्ही 14 जण रामटेकला येतोय. सकाळी गडावर दर्शन, मग दुपारी एकच्या सुमारास खिंडसी तलावाकाठी जेवण. गाडी आमचीच आहे, बोटिंग करायचं नाही.

अडचण पंगतीची आहे. आई माळकरी, कांदा-लसूणही चालत नाही. जावईबापूंना मात्र मासोळीच पाहिजे, तीही सावजी तिखटात! शिवाय काकूंचे गुडघे गेलेले, पायऱ्या उतरून काठापर्यंत जाणं जमणार नाही.

नेटवरच्या नंबरांवर फोन करून झाले. एक लागतच नाही, दुसरीकडे "या तं खरं, मग पाहू" एवढंच. फोटोंत सगळे पाणीच दाखवतात, चूल कोणी दाखवत नाही. मनसरजवळचे हायवेचे ढाबे सुचवू नका, पाणी दिसलं पाहिजे. माणशी तीनशेपर्यंत चालेल.

तिकडे अलीकडे जेवून आलेल्यांनी सांगा: शाकाहारी भांडी-तवा खरंच वेगळा ठेवणारं, गाडी दारापर्यंत जाणारं ठिकाण कोणतं? मासोळीची ऑर्डर आदल्या दिवशी द्यावी लागते का? आणि आईपुरता घरचा डबा तिथे बसून उघडू देतात का?