बजेटमध्ये फाइट स्टिक: तयार घ्यायची की घरी बनवायची?

गिरगावचा_पंच
फाइट स्टिक, म्हणजे फायटिंग गेम खेळायची लिव्हर-बटणांची पेटी, तिच्याबद्दल काल इथे एकाने छातीठोकपणे लिहिलं: "बजेट कमी असताना तयार स्टिक घेणारा येडा. लॅमिंग्टन रोडला जा, सुटे भाग उचल, एका दुपारी घरी बनव." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

लॅमिंग्टन रोडला वायर, सोल्डर, मायक्रोस्विच ढिगाने मिळतात. तिथे सान्वा या जपानी कंपनीची जेएलएफ लिव्हर आणि ओबीएसएफ-३० बटणं मागून बघा, दुकानदार तुम्हालाच विचारेल हे काय असतं. म्हणजे बाहेरून मागवणं आलं, वर कुरिअर, वर कस्टम. अमेरिकेतल्या दरानेसुद्धा लिव्हर आणि आठ बटणांत मेफ्लॅश एफ३०० या तयार स्टिकच्या किमतीच्या जवळ जाता. एवढं करून ना पेटी, ना बटणं वाचणारा बोर्ड. ३० मिमीची भोकं पाडायचा होल सॉ कुणाच्या घरात पडलेला असतो? सरळ एफ३०० घ्या, शक्यतो कुणाची वापरलेली. लिव्हर ढिली वाटली तर पुढे बदला, जेएलएफ तिच्यात जशीच्या तशी बसते.

पिकोवाला
ती पोस्ट माझी, आणि "येडा" मागे घेत नाही. सान्वाच हवी असं कुणी सांगितलं? २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड आला तो चार डॉलरला. त्याला स्टिकचा बोर्ड बनवणारं सॉफ्टवेअर, जीपी२०४०-सीई फर्मवेअर, फुकट. पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरायचं, यूएसबी लावायची, पेनड्राइव्हसारखा दिसतो त्यात फर्मवेअरची यूएफ२ फाइल टाकायची, झालं. प्रत्येक बटणाची एक वायर पिनला, दुसरी ग्राउंडला. ग्राउंड एकातून दुसऱ्यात ओढत न्यायचा. यात रॉकेट सायन्स कुठे आहे?

आणि तुमची लाडकी एफ३०० पीएस४ला (प्लेस्टेशन ४) लावायची तर सोनीचा हातातला पॅड तिच्याच मागे वायरने लटकवावा लागतो, ते सोयीस्करपणे विसरलात.

परळचा_ज्युगलर
पिको पीसीवर मस्त. पीएस५वर ऑथेंटिकेशनचं लफडं आहे, कंट्रोलर अधिकृत आहे का ते तपासतो, म्हणून वेगळं डोंगल लागतं. तेही सोयीस्करपणे विसरलात वाटतं?

बाकी कुणीही ते "झिरो डिले" नावाचे स्वस्त एनकोडर (बटणं वाचणारे बोर्ड) घेऊ नका. झिरो फक्त नावात, उशीर होतोच. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद, आणि टेक्केन गेममध्ये जस्ट फ्रेम (अचूक एकाच फ्रेममध्ये दाबायची चाल) मारायला तेवढाच वेळ असतो.

सुमेधा_ठाणेकर
तुम्ही सगळे बंगल्यात राहता का? आवाजाबद्दल कुणी बोलेल की नाही? माझ्या भावाने घरी स्टिक बनवली, आतून पोकळ प्लायची पेटी. रात्री अकरानंतर डॅश (लिव्हर पटापट झटकणं) सुरू झाला की खालच्या काकू काठीने छत ठोकायच्या. शेवटी प्रकरण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलं, "घरात कसलं मशीन चालवता" म्हणून.

पिकोवाला
पेटीत फोम भरायचा ना. यात घरी बनवण्याचा काय दोष?

सुमेधा_ठाणेकर
भरला. पेटीचा घुमणारा आवाज गेला, लिव्हरच्या मायक्रोस्विचची टकटक तशीच राहिली. शिवाय भाऊ स्टिक टीपॉयवर ठेवायचा, हादरा पायातून थेट लादीत. मांडीवर घेतल्यावर काकू शांत झाल्या. तयार स्टिकला निदान वजन असतं, खाली रबर असतं.

गिरगावचा_पंच
खालच्या रबराने आवाज थांबत नाही हो, सरकणं थांबतं. आमच्या चाळीत भिंतीपलीकडे टीव्हीचं बटण दाबलं तरी कळतं. मी सान्वाचीच ओबीएसएफएस-३० सायलेंट बटणं टाकली, आत रबर असतं त्यांच्या. बायकोचं बोलणं निम्म्यावर आलं.

परळचा_ज्युगलर
सायलेंट बटणं म्हणजे ओल्या पापडावर बोटं मारणं. फीलच नाही. आवाज सहन होत नसेल तर पॅडवर खेळा.

सुमेधा_ठाणेकर
सहन काकूंना होत नाही, मला होतो. नीट वाचत जा.

परळचा_ज्युगलर
मग काकूंना हेडफोन द्या.

डोंबिवली_फास्ट
भांडण संपलं असेल तर लिव्हरलेस (दिशांनाही बटणंच असलेली स्टिक) बघा. लिव्हरच नाही, टकटक कसली? कीबोर्डचे सायलेंट लिनिअर (खटका नसलेले) स्विच टाकायचे, पेटी पातळ, बॅगेत मावते. विरारला मित्राकडे लोकलने नेतो. नावाजलेल्या कंपनीची तयार लिव्हरलेस महाग, म्हणून इथे मात्र घरी बनवणंच परवडतं.

परळचा_ज्युगलर
लिव्हरलेस म्हणजे चीटिंग.

डोंबिवली_फास्ट
डावं-उजवं किंवा वर-खाली एकत्र दाबल्यावर न्यूट्रल (दोन्ही दिशा रद्द) ठेवलं तर कॅपकॉमच्या प्रो टूरलाही, म्हणजे स्ट्रीट फायटरच्या स्पर्धांनाही, चालतं. तुम्हाला नाही चालत, त्याला इलाज नाही.

गिरगावचा_पंच
लिव्हरलेसपुरतं पिकोवाल्याचं म्हणणं मान्य. नाखुशीने. पण लिव्हरवाल्या नवशिक्याने पहिली स्टिक तयारच घ्यावी, यावर मी ठाम आहे. आणि एक राहिलंच: सान्वाच्या बटणांना २.८ मिमीचे लग (वायरच्या टोकाच्या क्लिप) लागतात. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन ४.८ देतो, ते सैल बसतात आणि ऐन सामन्यात पंच गायब. "एका दुपारी" म्हणे!

पिकोवाला
पक्कडीने दाबले की बसतात.

गिरगावचा_पंच
आणि दर आठवड्याला परत दाबायचे.

पिकोवाला
बरं, २.८चं घ्या. माझ्याकडे शिल्लक आहेत, होल सॉपण आहे. कुणाला पाहिजे असेल तर रविवारी दादरला या, भोकं पाडून देतो. सोल्डरिंग ज्याचं त्याने करायचं.

सुमेधा_ठाणेकर
भाऊ विचारतोय, किती वाजता?