विषय: गावची शेतं सेटलमेंट झोनमध्ये टाकायची नोटीस, हरकती पाठवायच्या आहेत

प्रेषक: काका (पेडणे)

मंडळींनो नमस्कार,

इंग्लंडहून गावी परत आलो तरी तिकडच्या आपल्या मंडळाने मला ईमेल लिस्टवर ठेवलंय, म्हणून हे इथेच लिहितो, कारण आपल्यातल्या काही घरांची जमीन ह्याच पट्ट्यात आहे. गोव्याच्या राजपत्रात नोटीस आलीये, नगर नियोजन कायद्याच्या कलम 39अ खाली. वाड्याच्या खालची शेतं आणि त्याला लागून असलेलं वरचं भाट (बागायतीची जमीन, सरकारी भाषेत ऑर्चर्ड), दोन्ही सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरं बांधता येतील अशा भागात, घालायचा प्रस्ताव आहे. हरकतींना 30 दिवस मिळतात, त्यातले बरेचसे गेले पण, कारण राजपत्र उघडून बघायची सवय गावात कुणाला आहे, मलाही पणजीतल्या एका वकील मित्राने फोन करून सांगितलं म्हणून कळलं.

माझं एकच म्हणणं आहे आणि ते नीट वाचा. हरकतीत नुसतं "आमचा गाव वाचवा" लिहून भागणार नाही. विचारायचं ते हे, की इथे इतकी घरं लागणार आहेत हे कुणी ठरवलं, कुठल्या हिशेबाने ठरवलं, आणि ती घरं कुणासाठी. घरांची गरज किती ते आधी मांडा आणि मग जमिनीला हात लावा. इथे गरजेचा आकडाच कुठे कागदावर नाही आणि शेतं मात्र चाललीत.

मागचं थोडं सांगतो, तरुण मंडळींना माहीत नसेल. 2006 मध्ये प्रादेशिक आराखडा 2011 (राज्यात कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा, 2011 सालापर्यंतचा) जाहीर झाला, त्यात डोंगर, शेतं, सगळं सेटलमेंटच्या रंगात रंगवलेलं होतं. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया वगैरे मंडळींचा टास्क फोर्स बसला आणि 2021 चा आराखडा आला. तो गावागावात पाठवला, लोकांनी नकाशे जमिनीवर पसरून बघितले, सूचना दिल्या. चुका त्यातही होत्या, पण भातशेती आणि खाजन (खाडीकाठची, बांध घातलेली) जमीन इको-झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त जपायच्या भागात गेली आणि भाटं दोनमध्ये, एवढं तरी स्पष्ट झालं. आता तो आराखडा अख्खा बदलायची गरजच ठेवलेली नाही, एकेक सर्वे नंबर घेऊन बदलता येतो. 2023 मध्ये कलम 17(2) आणलं, "नजरचुकीने झालेल्या चुका दुरुस्त करायला" म्हणून. त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केली. पण 2024 मध्ये 39अ आलेलंच होतं, त्यामुळे दुसरी वाट उघडीच राहिली.

आणि हे होत नाही असं समजू नका. 2023 मध्ये अख्ख्या पेडणे तालुक्याच्या झोनिंगचा मसुदा काढला होता, लोकांनी इतका विरोध केला की तो गुंडाळावा लागला. तेव्हा तालुका एक होता, आता मात्र ज्याची जमीन त्यालाच ठाऊक, शेजाऱ्याला पत्ता नाही, म्हणून एकजूट व्हायला वेळच मिळत नाही.

ज्यांची जमीन खालच्या मळ्यात आहे त्यांनी मला लिहा.

काका

---

प्रेषक: ताई (स्विंडन)

काका, वाचून झोप उडाली, कारण आमच्या इथे कौन्सिलच्या लोकल प्लॅनवर (आमच्या भागाच्या विकास आराखड्यावर) मी गेलं वर्षभर हेच करतेय, गावाच्या शेवटच्या शेतांवर हाउसिंग येतंय. इकडचं कसं चालतं ते सांगते, त्यातलं एक-दोन तुमच्या कामाला येईल.

इंग्लंडमध्ये घरांचा आकडा वरून येतो. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने नियम बदलले आणि स्टँडर्ड मेथड, म्हणजे घरांची गरज काढायचं ठरलेलं सूत्र, परत सक्तीची केली. तुमच्या भागात आत्ता जितकी घरं आहेत त्याच्या 0.8 टक्के दर वर्षाला, आणि घराची किंमत तिथल्या पगाराच्या पाचपटीच्या वर असेल तर त्यात भर. देशभराची बेरीज वर्षाला 3 लाख 70 हजार होते आणि ह्या संसदेच्या काळात 15 लाख घरं बांधायची असं सरकारचं वचन आहे. कौन्सिलला हा आकडा आवडो न आवडो, प्लॅनमध्ये जागा दाखवावी लागते, आणि पाच वर्षांच्या जागेचा साठा दाखवता आला नाही तर बिल्डर अपील करून प्लॅनबाहेरच्या शेतावरसुद्धा परवानगी मिळवतो. म्हणजे आकडा आहे पण तो आमच्या गावाला विचारून काढलेला नाही, हे दुखणं आहेच.

पण एक चांगलं आहे. आकडा कागदावर असल्यामुळे त्याच्याशी भांडता येतं. सरकारच्या इन्स्पेक्टरपुढे प्लॅनची तपासणी होते आणि चार प्रश्न असतात: पॉझिटिव्हली प्रिपेअर्ड (गरज भागवायच्या हेतूने केलेला) आहे का, जस्टिफाइड (पुराव्याला धरून) आहे का, इफेक्टिव्ह (अमलात येण्यासारखा) आहे का, राष्ट्रीय धोरणाला धरून आहे का. रेग्युलेशन 19 च्या टप्प्यावर, म्हणजे प्लॅन तपासणीला पाठवण्याआधी, निदान सहा आठवडे लेखी म्हणणं मांडायला मिळतात आणि प्लॅनमध्ये बदल मागणाऱ्याला समोर उभं राहून बोलायचा हक्क आहे. आमच्या गटाने सुरुवातीला एकच मजकूर छापून ढीगभर सह्या गोळा केल्या. नंतर एका निवृत्त प्लॅनरने समजावलं की इन्स्पेक्टर मुद्दे बघतो, एकाच मुद्द्याच्या शंभर सह्या म्हणजे एक मुद्दा. मग आम्ही विषय वाटून घेतले, एकाने रस्ता, एकाने सांडपाणी, मी पुराचं पाणी घेतलं, कारण आमच्या मागच्या शेतात दर हिवाळ्यात तळं साचतं आणि फोटो माझ्याकडे होते.

काका, तिकडेही हेच करा ना. इतक्या लांबून आम्ही सही करून काय होणार, पण एकेक मुद्दा अंगावर घेऊ शकतो.

---

प्रेषक: दादा (रेडिंग)

काका, ताई, दोघांचं पटतंय तरी मला वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

माझा धाकटा भाऊ पर्वरीत भाड्याने राहतो, बायको शाळेत शिकवते, तो हॉटेलात अकाउंट्स बघतो, आणि दोघांचा पगार मिळून पर्वरीतच काय, म्हापशाच्या आजूबाजूलासुद्धा टू बीएचके घेणं त्यांना जमत नाही. गावातलं घर आजोबांच्या नावावर, वाटेकरी अकरा, इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीचा दावा) कोर्टात पडून आहे. त्याला भाटात छोटंसं घर बांधायचंय तर ऑर्चर्ड म्हणून बांधता येत नाही. मग आपण लंडनच्या बाजूला बसून "सेटलमेंट नको" म्हणायचं हे मला बरोबर वाटत नाही. आपल्याला चवथीला जाऊन हिरवी शेतं बघायची असतात, राहणाऱ्याला छप्पर हवं असतं.

---

प्रेषक: काका (पेडणे)

दादा, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस. हा प्रश्न ग्रामसभेत उठणारच होता, आणि तुझ्या भावासारखी घरं माझ्या वाड्यावरसुद्धा आहेत. मुंडकाराच्या (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घरात तीन भाऊ एका सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, राहतात. त्यांना घर नको असं म्हणणारा मी नाही.

पण बघ, जे बांधलं जातंय ते कुणासाठी ते जरा मोज. 2011 च्या जनगणनेत गोव्यात सव्वा लाखाच्या आसपास घरं रिकामी, कुलूप लागलेली निघाली, म्हणजे साधारण पाचातलं एक, आणि हे प्रमाण देशात सगळ्यात जास्त होतं. राज्याची लोकसंख्या तेव्हा साडेचौदा लाख. घरांचा तुटवडा असलेल्या राज्यात पाचातलं एक घर कुलपात कसं असतं? असतं, कारण ती घरं राहायला घेतलेलीच नसतात, गुंतवणुकीला घेतात, सुट्टीला घेतात. शेतात सेटलमेंट आलं की तिथे तुझ्या भावाला परवडेल असा प्लॉट पडत नाही, तिथे स्विमिंग पूलवाले व्हिला पडतात, आणि जमिनीचा भाव चढल्यामुळे तुझ्या भावाचा प्लॉट आणखीन लांब जातो. मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या तालुक्यात हे डोळ्यासमोर चाललंय.

म्हणून माझ्या हरकतीत मी "नको" एवढंच लिहिलेलं नाही. मी लिहिलंय की जुन्या वाड्यांना लागून, जिथे रस्ता, वीज, पाणी आधीच आहे तिथे, गावात राहणाऱ्या कुटुंबांना आणि मुंडकारांना घर बांधायला मोकळीक द्या, आणि त्यासाठी किती घरं लागतात ते ग्रामसभेत मोजा. पंचायतीच्या वॉर्डांत बसून हे एका रविवारी मोजता येतं, सगळी घरं सगळ्यांना माहीत असतात. तुझ्या भावाची गरज त्या यादीत पहिली येईल. शेतातल्या प्लॉटच्या जाहिरातीत त्याचं नाव कधीच येणार नाही.

आणि पाण्याचं सांगतो. पेडण्याला पाणी चांदेलच्या प्रकल्पातून येतं, उन्हाळ्यात आमच्या वाड्यावर नळाला पाणी केव्हा येईल त्याची वाट बघत बाया कळश्या घेऊन बसतात, हे तू लहानपणी बघितलंयस. त्या पाइपवर आणखी किती घरं लटकवायची ते आधी पाणीपुरवठा खात्याने लिहून द्यावं, मग झोन बदलावा.

आता खालच्या मळ्याचं. हे सगळ्यांनी नीट वाचा, कारण पुरावा इथे आहे. मी काल एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा, आपल्या सातबारासारखा) काढून आणला. त्यात लागवडीच्या क्षेत्राचे रकाने असतात, जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. आमच्या सर्वे नंबरवर सगळं क्षेत्र "तरी"च्या रकान्यात आहे, म्हणजे भातशेती, आणि खाली कुळाच्या रकान्यात नाव पण आहे. कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, 1991 चा जमीन वापर कायदा तसं सांगतो. आणि 2023 च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंधन आलंय. मग ज्या जमिनीचं सरकारच दुसऱ्या कायद्याने रक्षण करतंय तीच इथे सेटलमेंट कशी होते?

ह्या मळ्याच्या मेरेवरून (कडेच्या बांधावरून) एक व्हाळ, म्हणजे ओढा, जातो. गेल्या पावसात वरच्या बाजूला एकाने चिऱ्यांचा भराव टाकला, मोरीचं तोंड अर्धं बुजलं, आणि जुलैमध्ये पाणी चढून शेजाऱ्यांच्या गोठ्यात शिरलं. म्हशी सोडवून वरच्या अंगणात आणून बांधाव्या लागल्या. भराव एका कोपऱ्यात होता, अजून आख्खा मळा भरलेला नाही. तिथे दोन-तीन मजली बांधकामं आणि कंपाउंड वॉल उभ्या राहिल्यावर तो व्हाळ कुठून जाणार आहे, हे नोटिशीत कुठेच नाही.

---

प्रेषक: दादा (रेडिंग)

काका, वाड्यांना लागून घरं आणि ग्रामसभेत मोजणी, हे हरकतीत स्पष्ट लिहिलं असेल तर माझी सही घ्या. भावाला पण ग्रामसभेला पाठवतो, तो आजवर कधी गेलेला नाही. पण त्याची गरज लिहिताना आमच्या इन्व्हेंटरीचा उल्लेख करा, कारण गोव्यात घरं नसण्याचं अर्धं कारण हे अडकलेले वाटे आहेत आणि आराखडा करणाऱ्यांना ते दिसत नाही.

---

प्रेषक: ताई (स्विंडन)

दादाचा मुद्दा घेतलाच पाहिजे, आमच्या इथल्या हरकतीत असा मुद्दा कुणाकडेच नव्हता.

मग असं करूया. काका पुराचा आणि कुळाचा मुद्दा लिहितील, फोटो लावून, मोरीचा पावसातला आणि आत्ताचा. पाण्याचा मुद्दा मी लिहिते, त्यासाठी माहिती अधिकारात चांदेलचा पुरवठा आणि जोडण्या किती ते विचारायचा अर्ज गावातल्या कुणी तरी टाकायला हवा. उत्तर मुदतीनंतर आलं तरी चालेल, अर्ज टाकल्याची पोच हरकतीला जोडा. वारस आणि घरांची गरज दादाने लिहावी. कुणाच्याही हरकतीत दुसऱ्याची कॉपी नको. प्रत्येकाने आपला सर्वे नंबर, आपलं जमिनीशी नातं आणि शेवटी काय हवंय ते लिहायचं: झोन बदल नामंजूर करा, आणि आधी ग्रामसभेत गरज मोजा. पणजीच्या पाटोवर मुख्य नगर नियोजकांच्या ऑफिसात प्रत्यक्ष देऊन शिक्का मारून घेतलेला चांगला, तेव्हा काकांकडे कागद आधी पोचले पाहिजेत. ज्यांचा वाटा आजोबांच्या नावावर आहे त्यांनी तसंच लिहा, वारस म्हणून म्हणणं मांडता येतं.

---

प्रेषक: वहिनी (क्रॉली)

मी पहिल्यांदाच लिस्टवर लिहितेय. सासऱ्यांचा सर्वे नंबर खालच्या मळ्यातलाच निघाला, उतारा आत्ता मोबाइलवर उघडून बघितला, "तरी" म्हणूनच लिहिलंय आणि नकाशात इको-झोन एकमध्ये दिसतंय. नवऱ्याच्या आणि नणंदेच्या सह्या घेऊन उद्या स्कॅन पाठवते, मूळ कागद कुरियरने काकांच्या पत्त्यावर टाकते. काका, माहिती अधिकाराचा अर्ज माझी जाऊ टाकेल, ती गावातच आहे, तिला काय लिहायचं तेवढं फोनवर सांगा.